महापालिकेच्या इमारतीला आपल्या शिक्षकांचं नाव द्यायचंय? पुण्यात हा प्रस्ताव कसा न्यावा

वस्तीत, पेठेत किंवा गावठाणात एखाद्या शिक्षकानं हयातभर मुलांना शिकवलेलं असतं. ते गेल्यावर शोकसभेत कुणीतरी उठून म्हणतं, "समोर नवी अभ्यासिका होतेय, तिला सरांचं नाव द्या." सगळे हो म्हणतात. मग अर्ज कुणाकडे द्यायचा, नगरसेवकांना भेटायचं की क्षेत्रीय कार्यालयात जायचं, हे कुणालाच नीट ठाऊक नसतं आणि विषय मागे पडतो.

आमच्या भागात बालवाडी चालवणाऱ्या आणि संध्याकाळी बायकांना लिहायला-वाचायला शिकवणाऱ्या बाईंचं नाव महापालिकेच्या अभ्यासिकेला मिळावं, म्हणून आम्ही माजी विद्यार्थी या सगळ्यातून गेलो. आपलं प्रेम खरं असलं तरी फायलीला ते दिसत नाही, हे तेव्हा नीट कळलं. फायलीला काम दिसावं लागतं, आणि ते काम कागदावर आणणं हीच या प्रवासातली सर्वांत मोठी मेहनत आहे. म्हणून खालची चौथी पायरी सावकाश वाचा.

१. इमारत कोणाच्या मालकीची, ते आधी तपासा

"महापालिकेचीच आहे" असं सगळे सांगतात. तेवढ्यावर विसंबू नका. पुण्यात एकाच रस्त्यावर महापालिकेची शाळा, खासगी संस्थेची अनुदानित शाळा आणि सरकारी कार्यालय शेजारी-शेजारी असतं. खडकी आणि पुणे कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत महापालिकेचा अधिकार चालत नाही. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. तिथल्या समाजमंदिरांची, व्यायामशाळांची आणि शाळांची जुनी कागदपत्रं ग्रामपंचायतीच्या किंवा जिल्हा परिषदेच्या नावानं असू शकतात. प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा काढा आणि मालक कोण, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

भिडेवाड्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीरावांनी मुलींची शाळा तिथे सुरू केली. तिथे स्मारक व्हावं याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. तरीही भाडेकरूंचा वाद न्यायालयात संपून जागा प्रत्यक्ष ताब्यात यायला २०२३ चा शेवट उजाडला. इतक्या मोठ्या नावाच्या बाबतीत मालकी आणि ताबा आडवा आला, तर आपला प्रस्ताव त्यापायी किती अडेल, याचा अंदाज करा.

इमारत महापालिकेची नसेल, तर वाट वेगळी आहे. खासगी शाळा असेल तर संस्थेच्या कार्यकारी मंडळाचा ठराव लागतो. गावातली जिल्हा परिषदेची शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामसभेचा ठराव घेऊन पुढे जिल्हा परिषदेकडे जावं लागतं. खासदार किंवा आमदार निधीतून बांधकाम झालं असेल, तर नाव देण्याबद्दल त्या निधीच्या अटी काय आहेत, ते जिल्हा नियोजन समितीच्या कार्यालयात विचारून घ्या. यापुढचं सगळं महापालिकेच्या इमारतीबद्दल आहे.

२. तिला आधीचं नाव नाही ना?

दर्शनी भागावर पाटी नाही म्हणजे नाव नाही, असं नसतं. पंधरा वर्षांपूर्वी मुख्य सभेत, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेत, ठराव झालेला असतो आणि पाटी लागायची राहिलेली असते. काही जुन्या जागा देणगीतून आल्या आहेत आणि बक्षीसपत्रात देणगीदाराच्या घरातल्या माणसाचं नाव देण्याची अट आहे. अशा ठिकाणी हात घालू नका.

क्षेत्रीय कार्यालयात आणि मालमत्ता विभागात तोंडी विचारा. तोंडी उत्तर मिळालं तरी लेखी घ्या. माहिती अधिकारात अर्ज करायचा असेल तर तो एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवा, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. प्रश्न एवढाच विचारा: "अमुक पत्त्यावरील इमारतीस नाव देण्याबाबत आजपर्यंत झालेल्या ठरावांच्या प्रती मिळाव्यात." झालेले ठराव नसतील तर तसं लेखी उत्तर येतं आणि तेच उत्तर पुढे तुमच्या प्रस्तावाला जोडता येतं. त्याच अर्जात नामकरणाच्या नियमांची प्रत मागू नका. तो वेगळा विषय धरला जाऊ शकतो, त्यासाठी दुसरा अर्ज करा. ती प्रत मात्र मागाच.

माझं स्पष्ट मत असं की नाव असलेल्या इमारतीचं नाव बदला, अशी मागणी कधीच करू नका. ज्या माणसाचा सन्मान करायचा, त्याच्या नावानं भांडण सुरू होतं. बांधकाम चालू असलेली किंवा नुकतीच पूर्ण झालेली वास्तू सगळ्यात चांगली. लोकार्पणाची पत्रिका छापायला जाण्याच्या खूप आधी प्रस्ताव पोचला पाहिजे.

३. घरचे आणि भागातले लोक

पहिली सही कुटुंबाची घ्या. पत्नी किंवा पती, मुलं, मुलं नसतील तर भाऊ-बहीण. काही घरांत "त्यांना असलं आवडलं नसतं" असं कुणीतरी म्हणतं. त्यांच्याशी शांतपणे बोला, आणि त्यांचा नकार कायम राहिला तर तो मानून थांबा.

मग बैठक. गणेश मंडळाचा हॉल, बुद्धविहार, सोसायटीची गच्ची, जिथे सगळ्या बाजूचे लोक संकोच न करता येतात ती जागा निवडा. महिला बचत गट, ज्येष्ठ नागरिक संघ, भागातली दोन-तीन मंडळं आणि माजी विद्यार्थी यांना बोलवा. ज्यांच्या मनात दुसरं नाव आहे असं कानावर आलंय, त्यांच्या घरी बैठकीच्या आधी जाऊन या. नामकरण अडतं ते बहुतेक वेळा इथे. दोन गटांची दोन नावं महापालिकेत गेली की दोन्ही बाजूला पडतात. दुसरं नावही तितकंच मोलाचं असेल, तर एक नाव अभ्यासिकेला आणि दुसरं शेजारच्या विरंगुळा केंद्राला, असा तोडगा बैठकीतच काढा. इतिवृत्त लिहा, उपस्थितांच्या सह्या घ्या. हेच पान पुढे प्रस्तावात वजन आणतं.

एक गोष्ट राहिली. हयात व्यक्तीचं नाव सार्वजनिक वास्तूला देणं सहसा टाळलं जातं. तुमचे गुरुजी आज आपल्यात असतील, तर नावाची घाई नको. त्यांचा नागरी सत्कार करा, मानपत्र द्या, आणि त्याच निमित्तानं त्यांच्याकडे बसून पुढच्या पायरीतलं काम आत्ताच उरकून घ्या. त्यांच्याइतकं नेमकं सांगणारं नंतर कुणी भेटणार नाही.

४. कार्याचं टिपण

प्रस्तावासोबत दोन-तीन पानांचं टिपण जोडायचं असतं. बहुतेक टिपणं सारखीच असतात: "त्यांनी हजारो विद्यार्थी घडवले, त्यांचे कार्य दीपस्तंभासारखे आहे." असलं वाक्य कुणाच्याही नावापुढे चालतं, म्हणून ते कुणाच्याच कामाचं नाही. प्रस्ताव तपासणाऱ्या महापालिकेच्या नाव समितीतल्या सदस्यानं तुमच्या बाईंना कधी पाहिलेलं नसतं. त्याला काय दिसलं पाहिजे, याचा विचार करून लिहा.

आधी पक्के कागद गोळा करा. नियुक्तीचा आदेश, सेवापुस्तकातली पानं, निवृत्तीचा आदेश घरच्यांकडे पेटीत मिळतात. शाळेतल्या शिक्षकांच्या हजेरीपटावरून त्या कोणत्या वर्षी कोणत्या शाळेत होत्या, हे मुख्याध्यापकांच्या परवानगीनं पडताळता येतं. शिक्षकदिनाला मिळालेला पुरस्कार असेल तर प्रमाणपत्राची प्रत, वर्तमानपत्रातली कात्रणं तारखेसह. आमच्या बाईंसारखं काम नोकरीबाहेरचं असेल, म्हणजे बालवाडी, रात्रवर्ग, वाचनालय, तर असे कागद फार थोडे सापडतात. तिथे माणसांकडेच जावं लागतं.

माजी विद्यार्थ्यांना "बाईंबद्दल दोन शब्द सांगा" असं विचारलं की सगळे तेच सांगतात: शिस्तप्रिय, प्रेमळ, मायाळू. प्रश्न बदला. वर्ग कुठे भरायचा? दिवा कुणाच्या घरून यायचा? पाऊस आला तर काय करायचात? फी होती का? शाळा सोडलेल्या मुलाला परत आणायला बाई स्वतः जायच्या का, आणि घरी कुणाशी बोलायच्या? असं विचारलं की माणसं बोलायला लागतात. मोबाइलवर रेकॉर्ड करा, आणि सांगणाऱ्याच्या परवानगीनंच टिपणात घ्या.

आमच्याकडे धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या एका आजींनी एक वही आणून दिली. पिवळी पडलेली, शंभर पानी. बाईंनी पहिल्या पानावर अ-आ-इ-ई लिहून दिलं नव्हतं. मोठ्या, गोल अक्षरात लिहिलं होतं: स्वारगेट. मनपा. कात्रज. मार्केट यार्ड. खाली आजींनी तीच अक्षरं गिरवलेली, सुरुवातीला ओळ सोडून खाली गेलेली, चौथ्या पानापर्यंत सरळ आलेली. पीएमटीच्या बसची पाटी स्वतः वाचता यावी, कंडक्टरला किंवा शेजारच्या बाईला विचारावं लागू नये, म्हणून बाईंनी तिथून सुरुवात केली होती. त्या पानाची रंगीत झेरॉक्स आम्ही टिपणाला जोडली. माझ्या मते आमच्या अख्ख्या फायलीत ते सर्वांत बोलकं पान होतं.

असं एक तरी पान शोधा. हजेरीची वही असेल, मुलांना वाटलेल्या पुस्तकांची यादी असेल, पालकांना लिहिलेली चिठ्ठी असेल. आणि ज्याचा पुरावा नाही तो आकडा लिहू नका. "सुमारे पाच हजार विद्यार्थी" असं कुणीतरी भाषणात म्हटलेलं असतं आणि मग ते टिपणात, तिथून पाटीवर जातं. "अमुक सालापासून अमुक सालापर्यंत रोज संध्याकाळी वर्ग घेतला" हे खरं वाक्य त्या आकड्यापेक्षा मोठं आहे.

टिपणात नाव आणि इमारत यांचा संबंधही एका परिच्छेदात सांगा. महर्षी कर्व्यांचं काम हिंगण्यात उभं राहिलं आणि हिंगणे बुद्रुकचं कर्वेनगर झालं. तिथे नाव आणि जागा एकमेकांची आहेत. तुमच्या गुरुजींनी ज्या भागात शिकवलं, तिथल्याच वाचनालयाला त्यांचं नाव मागितलं तर वेगळं समर्थन द्यावं लागत नाही. भागाशी संबंध नसलेल्या भाजी मंडईला किंवा पार्किंगला शिक्षकाचं नाव मागू नये असं मला मनापासून वाटतं, ती जागा मोकळी असली तरीही.

५. नाव नेमकं कसं लिहायचं, ते आधी ठरवा

कागदावरचं नाव आणि तोंडातलं नाव वेगळं असतं, हे पुणेकरांना सांगायला नको. छत्रपती संभाजी पूल आजही लोकांसाठी लकडी पूल आहे आणि महात्मा फुले मंडईला सगळे नुसतं मंडई म्हणतात. म्हणून नाव शक्य तितकं आटोपशीर ठेवा. पदव्या, "शिक्षणमहर्षी", "ज्ञानतपस्वी" अशी विशेषणं आणि वडिलांचं पूर्ण नाव हे सगळं एका पाटीवर बसवलं, तर लोक "नवीन अभ्यासिका" म्हणतील आणि तेच रूढ होईल. मुलं ज्या नावानं हाक मारायची ते नाव पाटीवर असू द्या. बाई, सर, गुरुजी हे शब्द प्रस्तावात राहिले पाहिजेत असा आग्रह धरा.

शिक्षिकांच्या बाबतीत आणखी एक गुंता असतो. सेवापुस्तकात माहेरचं नाव, मृत्यूच्या दाखल्यावर सासरचं, आणि विद्यार्थ्यांच्या तोंडी तिसरंच. कोणतं घ्यायचं ते कुटुंबाला ठरवू द्या आणि बाकीची नावं एकाच व्यक्तीची आहेत, असं त्यांच्याकडून लेखी घ्या. ऱ्हस्व-दीर्घ इथेच पक्कं करा. ठरावात चुकलेली वेलांटी पाटीवर जाते आणि ती सुधारायला पुन्हा पत्रव्यवहार.

६. जोडायची कागदपत्रं

- विनंती अर्ज (नमुना खाली)
- कार्याचं टिपण आणि त्याला आधार देणारी कागदपत्रं
- मृत्यूचा दाखला
- कुटुंबाचं संमतीपत्र, नावाच्या नेमक्या लिखाणासह
- बैठकीचं इतिवृत्त आणि उपस्थितांच्या सह्या
- मंडळं, संघ, बचत गट यांची पाठिंब्याची पत्रं, त्यांच्या लेटरहेडवर
- इमारतीचा फोटो, पत्ता, मालकीचा उतारा
- आधीचं नाव नसल्याचं लेखी उत्तर

सगळ्याचे चार संच करा. त्यातला मूळ कागदांचा संच कुणालाही देऊ नका.

अर्ज लांबवू नका. असा पुरतो:

"प्रति, मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका. विषय: … येथील अभ्यासिकेस … यांचे नाव देणेबाबत. महोदय, वरील अभ्यासिका आपल्या मालकीची असून तिला अद्याप नाव दिलेले नाही. … यांनी सन … ते … या काळात याच परिसरात शिक्षणाचे काम केले. त्याचे टिपण सोबत जोडले आहे. दि. … रोजी झालेल्या नागरिकांच्या बैठकीत हे नाव एकमताने सुचवण्यात आले. कुटुंबीयांची संमती सोबत आहे. तरी प्रस्ताव योग्य त्या समितीपुढे ठेवावा, ही विनंती."

७. अर्जापासून ठरावापर्यंत

अर्ज क्षेत्रीय कार्यालयात आणि शिवाजीनगरच्या महापालिका भवनात, दोन्हीकडे द्या. दोन्हीकडे आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का असलेली पोच घ्या. पोच नसेल तर तुमचा अर्ज दिलेलाच नाही, असं समजा.

त्यानंतर नगरसेवक. समितीपुढे विषय येतो तो सदस्यांच्या प्रस्तावानं किंवा प्रशासनाकडून. सूचक आणि अनुमोदक लागतात. पुण्यात एका प्रभागात अनेक नगरसेवक असतात आणि ते वेगवेगळ्या पक्षांचे असू शकतात. सगळ्यांना भेटा, एकाच आठवड्यात भेटा, आणि कुणालाही "त्यांनी आधीच सही केलीय" हे शेवटी कळू देऊ नका. श्रेय कुणाचं, यावरून चांगले प्रस्ताव रेंगाळतात. तुम्ही नागरिक म्हणून गेलात आणि सगळ्यांना सारखं बोलावलंत, तर ते टळतं.

नामकरणाच्या प्रस्तावांसाठी महापालिकेत नाव समिती आहे. प्रस्ताव तिथे आला की प्रशासनाचा अभिप्राय मागवला जातो: इमारत कोणाची, आधीचं नाव आहे का, याच नावाची दुसरी वास्तू आहे का. तुम्ही पहिल्या दोन पायऱ्या नीट केल्या असतील तर या अभिप्रायाची उत्तरं तुमच्या संचातच असतात. समितीची शिफारस झाली की विषय मुख्य सभेपुढे जातो. तिथे तो मंजूर होऊ शकतो, तहकूब होऊ शकतो, अभिप्रायासाठी परत पाठवला जाऊ शकतो किंवा दप्तरी दाखल होऊ शकतो. शेवटचे दोन शब्द ऐकायला सौम्य वाटतात, पण त्यांचा अर्थ प्रस्ताव बंद झाला असाच आहे.

मुख्य सभा अस्तित्वात नसेल तेव्हा तिचे अधिकार प्रशासकाकडे, म्हणजे सहसा आयुक्तांकडेच, असतात. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर पुण्यात तसंच झालं होतं. अशा काळात अर्ज थेट आयुक्तांच्या नावे असणं महत्त्वाचं ठरतं. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की नवे निर्णय आणि लोकार्पणं दोन्ही थांबतात, हे धरून वेळापत्रक आखा.

८. पाठपुरावा

एकाच माणसाकडे पाठपुराव्याचं काम द्या. दर वेळी वेगळा माणूस गेला की दर वेळी गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते. एक वही ठेवा: तारीख, टेबल, फाईल आता कुठे आहे, पुढे कधी यायला सांगितलं. विषय कार्यपत्रिकेवर आला का, हे नगरसचिव कार्यालयात कळतं. सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना फायली पाहू देण्याची पद्धत पुण्यात होती आणि २०१८ मध्ये राज्य सरकारनं तसं परिपत्रकही काढलं. ज्या कार्यालयात जायचंय तिथे ती सोय सध्या चालू आहे का, हे आधी विचारा. चालू असेल तर माहिती अधिकाराचा वेळ वाचतो.

कर्मचाऱ्यांशी आदरानं बोला. टिपण वाचायला द्या, नुसतं फायलीत लावायला देऊ नका. वहीचं ते पान पाहून एका टेबलावरच्या ताई म्हणाल्या, माझी आईसुद्धा अशीच शिकली. फाईल त्यांच्याकडे होती तोवर मला कधी "नंतर या" ऐकावं लागलं नाही.

९. ठराव मंजूर झाल्यावर

ठरावाची प्रमाणित प्रत आणि ठराव क्रमांक घ्या. तो भवन रचना विभागाकडे आणि क्षेत्रीय कार्यालयाकडे पोचल्याची खात्री करा, कारण पाटी तिथून लागते. पाटीचा मजकूर छापायला जाण्याआधी कुटुंबाला दाखवा आणि त्यांची सही घ्या. नावाच्या अक्षरांपेक्षा उद्घाटकांच्या नावांची अक्षरं मोठी नसावीत, हेही तेव्हाच नम्रपणे सांगा. पाटी लागल्यावर सांगून काही होत नाही.

मालमत्तेच्या नोंदवहीत नवं नाव चढलं का, ते महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन बघा. वीजबिल, महापालिकेच्या संकेतस्थळावरची यादी आणि मोबाइलच्या नकाशावरही जुनं नाव राहून जातं, तिथे बदलून घ्या. आणि गोळा केलेलं टिपण, फोटो, आठवणींची रेकॉर्डिंग आणि त्या वहीसारख्या पानांच्या झेरॉक्स यांची एक बांधीव प्रत त्याच इमारतीत, अभ्यासिका असेल तर संदर्भाच्या कपाटात ठेवायला ग्रंथपालांकडे नोंद करून द्या. नोंदीशिवाय दिली तर ती कपाट बदलताना हरवते.